पाठीवरचा मजकूर

मिक्सर लावला की आमच्या ओट्यावरची एक वाटी चालायला लागते. बाकीच्या जागच्या जागी असतात, ही एकटीच. आधी नुसती थरथरते, मग स्वतःभोवती सावकाश वळते, आणि चटणी वाटून होईस्तोवर तिच्यावर घातलेलं आजीचं नाव भिंतीकडे तोंड करून बसलेलं असतं. कारण साधं आहे, तिचं बूड फुगलंय. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या काकांनी कसल्याशा प्रयोगाचं मेण वितळवायला ती थेट गॅसवर ठेवली होती. तेव्हापासून ती टेकते ती मधल्या एका उंचवट्यावर. ओटा हादरला की वळते.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढच्या गोष्टीतलं रहस्य कोणी शेवटपर्यंत धरून बसायला नको.

२०१३ साली मँचेस्टर म्युझियममधला एक इजिप्शियन पुतळा बंद कपाटात आपोआप फिरतो, अशी बातमी जगभर गेली. पुतळा म्हणजे केवढा, तर दहा इंच. हातात धरून घरभर हिंडता येईल एवढा. नेब-सेनू नावाच्या एका अधिकाऱ्याचा, ख्रिस्तपूर्व १८०० च्या आसपासचा. १९३३ मध्ये तो म्युझियमला देणगी म्हणून आला आणि ऐंशी वर्षं निमूट उभा राहिला. मग एक दिवस इजिप्त विभागाचे क्युरेटर कॅम्बेल प्राइस यांच्या लक्षात आलं, की याचं तोंड भलतीकडेच झालंय. कपाटाची किल्ली एकट्या त्यांच्याकडे. त्यांनी पुतळा सरळ केला, तो पुन्हा वळला. शेवटी कॅमेरा लावला आणि आठवडाभराचे फोटो एकामागून एक पळवून पाहिले. गडी दिवसा फिरतोय आणि रात्री स्वस्थ. शेजारचे पुतळे जागचे ढळत नाहीत. समोरून माणसं येतायत, जातायत, आणि हा मात्र तसूतसूने त्यांच्याकडे पाठ करतोय.

शापबिप सगळं झालं त्यानंतर. ते सोडून देते. मँचेस्टर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स यांचं म्हणणं पडलं, की पुतळ्याचा दगड आणि खालची काच यांच्यातल्या घर्षणाचा हा खेळ आहे, माणसांच्या चालण्याने कपाट हादरतं आणि पुतळा सरकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात दाखवलेल्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी स्टीव्ह गॉस्लिंग या कंपनांच्या इंजिनिअरने तिथे यंत्र बसवून चोवीस तासांची थरथर मोजली. दिवसा ती भरपूर भरली, रात्री जवळजवळ नाही. बाहेरच्या रस्त्यावरची वाहनं आणि आतली पावलं, दोन्ही मिळून. आणि बाकीचे पुतळे का हलत नाहीत? तर नेब-सेनूच्या बुडाला उंचवटा आहे.

वाटीच.

मी मँचेस्टरला गेले २०१६ साली, नोकरीसाठी. ऑक्सफर्ड रोडवर आमचं ऑफिस आणि म्युझियमही त्याच रस्त्यावर. हा रस्ता म्हणजे बसगाड्यांची मिरवणूक. एक गेली की मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि सगळ्या दुमजली. म्युझियमची इमारत आल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेली, काळपट दगडाची, टोकदार कमानींची. लांबून बघितलं तर मुंबईतल्या कुठल्याही सरकारी कचेरीची थोरली बहीण वाटावी. प्रवेश फुकट. परदेशात नव्याने राहायला गेलेल्या माणसाला ‘फुकट’ आणि ‘आत ऊब आहे’ एवढी दोन कारणं पुरतात. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे जवळजवळ दर शनिवारी जायचे. टायरेनोसॉरसचा सांगाडा, काचेमागचे बोटाएवढे बेडूक, आणि मग इजिप्त.

नेब-सेनू पहिल्यांदा दिसला तेव्हा निराशाच झाली. इतक्या बोभाट्यानंतर काहीतरी गूढ चेहरा असेल असं वाटलं होतं. तो दिसतो सरकारी माणसासारखा. खांद्यापर्यंत केसांचा टोप, गुडघ्यापर्यंत वस्त्र, हात बाजूला, डावा पाय पुढे. साहेबांनी बोलावलंय आणि हा निघालाय. इजिप्शियन पुतळ्यांचा तो डावा पाय हजारो वर्षं तसाच पुढे टाकलेला असतो, पण चालण्याचा भास होत नाही, कारण अंगाचा सगळा भार दोन्ही पायांवर सारखा. असे उभे पुतळे कोरताना पाठीशी दगडाची एक सरळ पट्टी ठेवायची पद्धत होती. पुतळ्याला आधार म्हणून, आणि लिहायला सपाट जागा मिळते म्हणूनही.

मजकूर याच पट्टीवर आहे. समोरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. मी काचेला गाल लावून, मान वाकडी करून बघितला, तर गार्ड दोनदा शेजारून चक्कर मारून गेला.

त्या मजकुरात नेब-सेनू खायला मागतो. भाकर, बिअर, बैल, पाखरं. स्वतःच्या ‘का’साठी. ‘का’ म्हणजे माणसातलं ते जे मेल्यावर उरतं आणि ज्याला भूक लागते. आत्मा म्हणवत नाही. आपल्या आत्म्याला भूकबीक नसते, उलट त्याला पाणी भिजवत नाही, वारा सुकवत नाही असं आपण ऐकत आलो. इजिप्तमधल्या ‘का’ला जेवण लागतं, राहायला अंग लागतं. मूळ अंग, म्हणजे ममी, नासलीच, तर दगडाचं अंग हाताशी असावं म्हणून पुतळा. लिहिलं तेव्हा हा मजकूर काही खास नव्हता. इजिप्तमधल्या हजारो दगडांवर तो जवळपास याच शब्दांत आहे, आपल्या लग्नपत्रिकेवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असायचं तसा. सुरुवात ठरलेली: ‘हेतेप दि नेसू’, राजा देतो तो नैवेद्य. पुढे ओसायरिसचं किंवा दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव, मग पदार्थांची यादी, शेवटी माणसाचं नाव.

नैवेद्य हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण इंग्रजी पुस्तकांना हे समजावताना पानभर घालावं लागतं आणि आपल्याला एका शब्दात कळतं. तिथल्या देवळात रोज देवापुढे अन्न मांडलं जायचं. देवाने ते सूक्ष्मरूपाने घेतलं की पान मागे यायचं, पुजारी आणि देवळाची माणसं ते खायची. राजाने देवाला दिलं, देवाने त्यातलं पुढे दिलं. आपलाही एक घास त्यात लागावा म्हणून मेलेल्यांची नावं त्या पंगतीत घुसवायची. नेब-सेनूच्या काळात, बाराव्या राजवंशाच्या शेवटी शेवटी, राजघराण्यातले नसलेले लोकही असे छोटे पुतळे देवळात ठेवून द्यायला लागले होते. थडग्यात कोण येतंय बघायला? देवळात वर्दळ असते.

एका गोष्टीने मात्र मला धरून ठेवलं. यादीच्या आधी येणारा शब्द आहे ‘पेरेत-खेरू’. शब्दशः पाहिलं तर ‘आवाजासरशी जे बाहेर येतं ते’. तो लिहायची रीत अशी: घराची चौकोनी खूण, तिला एक बाजू मोकळी. तिच्याखाली वल्हं, कारण वल्ह्याच्या चित्राचा उच्चार ‘खेरू’, आवाज. त्याला लागून भाकरीचा गोळा आणि बिअरचा बुधला. पुढे बैल आणि पाखरू, पण बहुधा अख्खी नाहीत, बैलाचं नुसतं मुंडकं आणि पाखराचं नुसतं मुंडकं, जागा वाचवायला. म्हणजे भाकरी प्रत्यक्ष आणून ठेवायलाच हवी असं नाही. कोणीतरी हे मोठ्याने म्हटलं तरी भाकरी पोचते. त्या काळातल्या कित्येक शिळांवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ हाकच मारलेली असते: अहो, पृथ्वीवरच्या जिवंत माणसांनो, इथून जाताना एवढं म्हणा, नुसता तोंडाचा वारा आहे, तुमचं काही जात नाही, आमचा मात्र फायदा होतो.

हे तोंडाच्या वाऱ्यावर का आलं, त्यामागे अनुभव असावा. जेवण प्रत्यक्ष पोचावं म्हणून लोक आधी कमी खटपट करत नव्हते. अस्यूतचा एक प्रांताधिकारी होता, जेफाय-हापी, पहिल्या सेनुस्रेतच्या कारकिर्दीतला. त्याने पुजाऱ्यांशी दहा करार केले आणि ते जसेच्या तसे थडग्याच्या भिंतीवर कोरून घेतले. कोणत्या सणाला किती भाकऱ्या, किती बुधले बिअर, दिव्याच्या वाती कोणी आणायच्या, कोणी पुढे कोणाला द्यायच्या. आणि त्यात तो ठासून सांगतो, की हे मी माझ्या वडिलार्जित मालमत्तेतून देतोय, अधिकारपदाच्या मालमत्तेतून नाही. म्हणजे उद्या नवा अधिकारी येऊन हात घालायला नको. सात-बाऱ्यावरून भावकीत बोलणं बंद असलेल्या कुणालाही हा माणूस ताबडतोब कळावा. पण इतकं पक्कं करूनही चार पिढ्यांनी कोण वात लावतंय? आपल्या इनामांचं काय झालं, बघतोच की. दगडावर लिहून वाचणाऱ्यावर सोडून देणं स्वस्त पडतं.

याच म्युझियममध्ये नेब-सेनूच्याच काळातले दोन भाऊ आहेत, नख्त-अंख आणि ख्नुम-नख्त, एकाच थडग्यात सापडलेले. १९०८ च्या ६ मे रोजी पाचशे लोकांसमोर मार्गारेट मरे या बाईंनी ख्नुम-नख्तच्या ममीच्या पट्ट्या सोडल्या. मरेबाई जन्मल्या कलकत्त्यात. हे वाचून मला उगाचच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. एकशे दहा वर्षांनी, २०१८ साली, दोघांच्या दातांतून काढलेल्या डीएनएवरून निष्कर्ष निघाला, की आई एक, बाप वेगळे. चार हजार वर्षांनी घरातलं असं बाहेर निघावं! त्यांच्यापेक्षा नेब-सेनू सुखी. त्याचं अंगच सापडलेलं नाही.

इतकं इजिप्त मँचेस्टरला आलं कसं, याचं उत्तर कापसात आहे, आणि तिथे आपलाही धागा लागतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या, लँकेशरच्या गिरण्यांनी दोन ठिकाणी धाव घेतली, मुंबई आणि इजिप्त. मुंबईत पैसा इतका आला की लोक वेडे झाले, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि युद्ध थांबताच १८६५ मध्ये सगळं आपटलं. इजिप्तच्या राज्यकर्त्यानेही कापसाच्या भरवशावर कर्जं काढली. देश कर्जबाजारी झाला आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज तिथे उतरली. त्याच वर्षी इंग्लंडात इजिप्तमधल्या उत्खननांसाठी फंड उभा राहिला. त्या फंडासाठी मँचेस्टरजवळच्या बोल्टनमध्ये वर्गण्या गोळा करणारी उत्साही बाई ॲनी बार्लो, गिरणीमालकाच्या घरातली. १९३३ मध्ये नेब-सेनू म्युझियमला दिला तो तिनेच. इजिप्तच्या वस्तूंसाठी १९१२ मध्ये इमारत वाढली, तिला मोठी रक्कम मिळाली ती जेसी हॅवर्थकडून, तोही सूत-कापडाच्या धंद्यातला. त्या दालनात उभं राहून मला दर वेळी वाटायचं, की इथल्या काचांचे पैसे थोडेसे वऱ्हाडातूनही आलेले असणार. हिशेब कोणी मांडलेला नाही, माझाही नाही, पण वाटायचं.

आता वाटीकडे परत येते. तिची आणखी एक गोष्ट आहे.

१९९५ च्या सप्टेंबरची २१ तारीख. गणपती दूध पितो, ही बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत आमच्या गल्लीत पोचली. संध्याकाळपर्यंत लंडनच्या साउथॉलमधल्या देवळातही रांगा लागल्या होत्या. पितृपक्ष चालू होता. आजी म्हणाली, ‘‘पंधरवडा पितरांचा, आणि पितोय कोण तर गणपती.’’ म्हणाली आणि याच वाटीत दूध घेऊन निघाली. मी तेव्हा सातवीत. कोपऱ्यावरच्या देवळातल्या दगडी गणपतीच्या सोंडेला चमचा टेकवला, तर दूध खरंच कमी कमी होत गेलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

संध्याकाळी काका शाळेतून आले. भांडले नाहीत. वाटीतल्या दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि आम्हा पोरांना घेऊन देवळात गेले. चमचा लावला. दूध गेलं. मग त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला: सोंडेवरून, पोटावरून, पायांवरून खाली सरळ एक गुलाबी ओघळ गेला होता आणि पायथ्याशी थारोळं झालं होतं. काका पृष्ठताणावर बोलायला लागले. द्रवाचा थेंब ओल्या दगडाला टेकला की कसा ओढला जातो, चमचा किंचित कलला की कसा धारेला लागतो. आजी मागोमाग आलेली आम्हाला कळलंच नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बरं. आता ओल्या फडक्याने पूस ते. मुंग्या लागतील.’’ काकांनी पुसलं. तिने वाटी विसळून घेतली, घरून उरलेलं चांगलं दूध आणून पुन्हा देवापुढे ठेवलं आणि आम्ही परत आलो.

मला ती रात्र त्या ओघळासाठी आठवायची. मँचेस्टरमध्ये मात्र त्या पुतळ्यापुढे उभी असताना तिचं नंतरचं दूध आठवायला लागलं.

नेब-सेनूपुढे शाळेच्या सहली यायच्या. मुलं व्हिडिओ पाहून आलेली असायची. ‘फिरव ना’ असं काचेला सांगायची. एकदा एका बाईंनी मुलांना विचारलं, तो का फिरत असेल? भुतामुळे, कोणी म्हणालं. बसमुळे, दुसऱ्याने सांगितलं आणि बाई खूश झाल्या. पाठीवर काय आहे ते कोणी विचारलं नाही. त्यांचा दोष नाही, मीही पहिले चार शनिवार विचारलं नव्हतंच. आपल्याकडे पाठ फिरवणं म्हणजे रुसणं, नाही तर उपकार विसरणं. त्यामुळे या माणसाला जगाला दाखवण्यासारखं जे आहे ते पाठीवर आहे, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. मग तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला आणि मला हसू आलं. बस जातेय, शाळा येतेय, आणि हा दिवसभर खटपट करून मजकुराची बाजू लोकांसमोर आणतोय. रात्री वाचायला कोणी नाही, तर हलत नाही. उंचवट्याचं मला माहीत आहे. वाटी मीच वापरते.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी दालनातून बाहेर आले आणि बसथांब्यावरून काकांना फोन लावला. तिकडे चहाची वेळ. व्हिडिओ आदल्या रात्री पाठवून ठेवला होता.

‘‘बुडाला उंचवटा आहे त्याच्या,’’ काका नमस्कार-चमत्काराच्या आधीच म्हणाले. ‘‘आपली ती मेणाची वाटी आठव.’’

म्हटलं, हो, तेच निघालं.

‘‘पण काय गं, वळतो तेव्हा पाठीवर काहीतरी खरवडल्यासारखं दिसतं. काय लिहिलंय?’’

सांगितलं. नेमकी बस आली. काकांना अलीकडे एका कानाने कमी येतं, आणि दुसरा कान ते फोनला लावत नाहीत. ‘‘मोठ्याने बोल!’’

‘‘भाकर!’’ मी ओरडले. थांब्यावरच्या एका आजोबांनी मान वळवली. ‘‘बिअर! बैल! पाखरं!’’

‘‘बैल?’’

‘‘बैल! त्याच्यासाठी! मागतोय तो!’’

‘‘मोठं मागणं आहे.’’ मागून दुसरी बस आली, तिच्या मागे तिसरी, पायांखालची फरशी थरथरली. काका काहीतरी विचारत होते. ‘‘नाव, नाव काय म्हणालीस त्याचं?’’

‘‘नेब-सेनू!’’

‘‘परत सांग.’’

परत सांगितलं.